शेचाळिसाव्या पानानंतरची येसू

दर शनिवारी चार वाजता माझा वर्ग भरतो. बडोद्याच्या दांडिया बाजारात एका मंडळाच्या हॉलवर पत्र्याची खोली आहे, तिथे. उन्हाळ्यात भट्टी आणि हिवाळ्यात डासांचं संमेलन. फी नाही, परीक्षा नाही, सर्टिफिकेट नाही. म्हणून येतात ते खरंच गरजेपोटी येतात. बहुतेक सगळे पन्नाशीच्या आसपासचे किंवा पुढचे. घरात पिढ्यान् पिढ्या मराठी बोलतात, शाळा मात्र गुजरातीतून झाली. वाचायला बसवलं की मराठी अक्षरांत पाय अडकतो आणि लिहायला बसवलं की विचारू नका. आधी सगळं वाक्य गुजरातीसारखं बोडकं लिहितात आणि मग डोक्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच रेघ ओढतात. धुणं वाळत घालायची दोरी जणू! शब्द कुठे संपला आणि कुठे सुरू झाला, ते देवालाच ठाऊक.

मी चौतीस वर्षं शाळेत व्याकरण शिकवलं. माझा स्वभाव तापट आहे, हे मी कशाला लपवू, सगळ्या बडोद्याला माहीत आहे. 'मी तिला स्टँडवर मूकून आले' असं कुणी म्हणालं की माझ्या कपाळाची शीर उडते. अहो, मूकून काय? सोडून म्हणा, सोडून! आमचे हे, शरच्चंद्र, म्हणतात, "निरू, तू समोरच्या माणसाचं तोंड बघत नाहीस, त्याची क्रियापदं बघतेस." तेव्हा मला राग आला होता. आता येत नाही. का येत नाही, तेच सांगायला बसले आहे.

गेल्या वर्षी जूनमध्ये धनाजीराव वर्गात आले. पासष्टीचे, सहा फुटी, मिशा पिकलेल्या पण वळण कायम. येऊन सरळ उजवीकडच्या खिडकीपाशी बसले. म्हटलं, इकडे पुढे या, पंखा आहे. तर म्हणाले, "राहू द्या बाई. ड्रायव्हरला उजवी खिडकीच लागते."

एस.टी.त छत्तीस वर्षं ड्रायव्हर होते. बडोदा–पादरा, बडोदा–करजण, आणि परत. पणजोबा संस्थानाच्या पागेत होते, आजोबा घोडेस्वार. "आमच्या घराण्याच्या हातातला लगाम काय सुटला नाही बाई, नुसतं जनावर बदललं," असं म्हणून ते स्वतःच मोठ्यानं हसले. वर्गही हसला. मी विचारलं, "शिकायचं कशासाठी आहे? नातवंडांसाठी?" इथे सगळे तेच सांगतात.

त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुस्तक काढलं. काढलं म्हणजे नुसतं टोक दाखवलं. लायब्ररीचं होतं, जुनी बांधणी, पाठीवर नंबराची चिठ्ठी.

"हे वाचायचंय. दोनशे बारा पानं झालीत. शेवटची नव्वद राहिलीत."

"दोनशे बारा पानं वाचलीत, मग उरलेली का अडली?"

"ती मी नाही वाचली. कमळानं वाचली. मी ऐकली."

कमळाबाई त्यांची बायको. तिचं शिक्षण मराठीतून झालं होतं, माहेर धुळ्याकडचं. लग्न होऊन बडोद्याला तरसालीच्या घरात आली तेव्हापासून तिचा नेम: धनाजीराव पहिली पाळी करून दोन वाजता घरी आले, जेवले की ते झोपाळ्यावर आडवे व्हायचे आणि ती खाली चटईवर बसून, भिंतीला टेकून पुस्तक वाचून दाखवायची. तासभर. मग पुस्तकात खूण घालून म्हणायची, "बास, पुढचं उद्या." तीस-पस्तीस वर्षं हे चाललं. रिटायर झाल्यावरसुद्धा दोनचा टाइम त्यांनी पाळला. किती पुस्तकं झाली याचा त्यांना पत्ता नव्हता, नावंही आठवत नव्हती. माणसं तेवढी आठवत होती. आणि हे शेवटचं पुस्तक चालू असताना एका सकाळी नळावर पाणी भरता भरता ती खाली बसली आणि उठली नाही. दोन वर्षं झाली त्याला. आदल्या दुपारी नेहमीसारखंच म्हणाली होती, पुढचं उद्या.

"मग कुणाकडून तरी वाचून घ्यायचं," मी म्हटलं. "एवढ्यासाठी या वयात शिकायला बसायचं?"

"पुतण्या आहे ने आमचा, हार्दिक. तो म्हणाला, काका, फोन वाचून दाखवतो. फोटो पाडला की फोनमधली बाई वाचते." त्यांनी तोंड वाकडं केलं. "दुसऱ्या कुणाच्या आवाजात नको वाटतं, बाई. आपलं आपण वाचलं तर निदान आवाज नसेल. मग मला तिचा ऐकू येईल."

मी म्हटलं, ठीक आहे, वही काढा. पुस्तक मला बघायला द्या म्हटलं तर त्यांनी पिशवी छातीशी धरली. दोन वर्षं मुदत उलटलेलं पुस्तक, लायब्ररीत परत न्यायला पाहिजे म्हणून मी ओरडेन अशी धास्ती होती. आणि दुसरं म्हणजे, "तुम्ही चाळाल आणि शेवट सांगून टाकाल. शिक्षकांना सवय असते." थोडक्यात सांगायचं तर माणूस हुशार होता.

शिकवताना मात्र त्यांनी माझा घाम काढला. अक्षरं येत होती, शब्द येत होते, पण वाक्य हाती लागत नव्हतं. एक शब्द वाचायचे, थांबायचे, मागे बघायचे, पुढचा वाचायचे. वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात करणारा कोण होता तेच विसरायचे. पूर्णिमा म्हणून एक गुजराती सून आहे वर्गात, सासूशी भांडता यावं म्हणून मराठी शिकते, तीसुद्धा त्यांच्या पुढे गेली. मी चिडले. म्हटलं, "धनाजीराव, तुम्ही प्रत्येक शब्दावर ब्रेक मारता! दर झाडाखाली गाडी उभी केलीत तर पादऱ्याला कधी पोचणार?"

ते एकदम सरळ बसले. "म्हणजे एक्स्प्रेस चालवायची?"

"एक्स्प्रेसच. पूर्णविराम येईपर्यंत थांबायचं नाही. मधला एखादा शब्द नाही कळला तर नाही कळला, जाऊ द्या मागे."

ही एक गोष्ट त्यांना अशी पटली की दोन महिन्यांत माणूस बदलला. त्या दिवसापासून ते वाचताना उजवा पाय हळूच दाबायचे. मी पाहिलं आहे.

लिहिण्याचं सांगते. सुरुवातीलाच मी सगळ्यांना आपल्या कामाबद्दल पाच वाक्यं लिहायला लावली होती. धनाजीरावांनी लिहिलं होतं की पादऱ्याच्या रस्त्याला चिंचा आहेत, की सकाळच्या फेरीला भाजीवाल्या असतात. आणि मग: 'माझी मुलगी मिताली होती. सुट्टीत ती माझ्या बसमधी बसायची. कंडक्टर तिकीट मागायचा तवा ती मोठ्यानी म्हणायची स्टाफ.'

एस.टी.तली ही पद्धत तुम्ही पाहिली असेल. डेपोतला माणूस किंवा त्याच्या घरचं कुणी बसमध्ये चढलं की कंडक्टरला नुसतं 'स्टाफ' म्हणतं, आणि कंडक्टर पुढे जातो. एवढीशी पोर ऐटीत स्टाफ म्हणते आहे, हे वाचून मला हसू आलं. आणि लाल पेन हातात होतं. मी 'बसमधी' खोडलं, 'तवा' खोडलं, आणि 'मुलगी होती' याखाली दोनदा रेघ मारून समासात लिहिलं: मुलगी आहे. काळ सांभाळा.

वही परत दिली तेव्हा त्यांनी ते सावकाश वाचलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "होतीच, बाई. सातव्या वर्षी तापानं गेली. होतीच बरोबर आहे."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. त्यानंतर मला त्यांना काही टाकून बोलायला जीभ वळायची नाही. चार-सहा आठवडे नाही वळली, मग पुन्हा वळली. स्वभावाला औषध नाही.

दिवाळीनंतर मी वर्गाला नवा नियम घातला. वाचलं की पुस्तक मिटायचं आणि काय वाचलं ते आपल्या शब्दांत सांगायचं. नुसती अक्षरं घोकून काय उपयोग, डोक्यात काय उतरलं ते कळायला नको? धनाजीराव म्हणाले, मी कमळाच्या पुस्तकाची आधीची गोष्ट सांगू का? ती मला पाठ आहे. म्हटलं सांगा.

ते उभे राहून सांगू लागले. कोकणातलं एक गाव, खाडी, होडी चालवणारा एक माणूस आणि त्याची पोर येसू. येसू सात वर्षांची असताना फार आजारी पडते, सगळे आशा सोडतात, आणि मग ताप उतरतो. मग येसू मोठी होते. धनाजीरावांच्या सांगण्यात एवढा जीव होता की पूर्णिमा पेन खाली ठेवून ऐकत होती. येसूचा पुढचा दात पडतो तो ती गच्चीवर फेकते. उत्तरायणाला येसू पतंग उडवते आणि मांजानं बोट कापून घेते. परीक्षेत पास होते त्या दिवशी बाप तिला शेवउसळ खायला घेऊन जातो, आणि ती तिखट जास्त मागते, नाकातून पाणी येतं तरी खाते.

"थांबा," मी म्हटलं. "कोकणात शेवउसळ? ती तर आपल्या बडोद्याची."

"हो ने."

"आणि उत्तरायणाला पतंग? गच्चीवर? अहो, खाडीकाठी कौलारू घरं असतात, गच्च्या कुठल्या?"

ते गोंधळले. "पण कमळानं असंच वाचलं."

"कमळाबाईंनी बरोबरच वाचलं असेल हो. तुम्ही झोपाळ्यावर अर्धवट झोपेत ऐकलंत आणि मनाचं घातलंत. याला आकलन म्हणत नाहीत! पुस्तकात आहे तेवढंच सांगायचं. आपल्या घरचं त्यात मिसळायचं नाही." आणि मी त्यांना दहापैकी तीन दिले. वर्गासमोर.

ते खाली बसले. हळूच म्हणाले, "ती हे पुस्तक फार सावकाश वाचायची. दुसरी पंधरा दिवसांत उरकायची. याला तीन वेळा मुदत वाढवून घेतली होती." मी त्याकडे लक्ष दिलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. आकलन शिकवायला बसलेली बाई, आणि समोर उलगडून ठेवलेलं वाचता आलं नाही.

उत्तरायण झालं. फेब्रुवारीत मी त्यांना म्हटलं, धनाजीराव, तुम्ही तयार झालात. आता काढा तुमचं पुस्तक. त्यांचे डोळे असे चमकले की काय सांगू. म्हणाले, "दुपारी दोनलाच वाचेन. झोपाळ्यावर." कमळाबाईंची खूण अजून त्याच पानात होती, पादऱ्याचं एक जुनं तिकीट. गोष्ट कुठे थांबली होती तेही त्यांनी सांगितलं. येसू शिक्षिका झाली आहे. पहिली नोकरी लांबच्या गावी लागली आहे. पहाटे ती बॅग घेऊन स्टँडवर उभी आहे, आणि बस अजून आलेली नाही. "दोन वर्षं पोर स्टँडवर उभी आहे, बाई," ते म्हणाले. "एकटी. मला तिला गाडीत बसलेली बघायचीय."

पुढच्या शनिवारी आले ते चेहरा पाडून. सगळे गेल्यावर पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं. पहिल्यांदाच.

"येसू सापडत नाही."

"म्हणजे?"

"दोनशे बारापासून वीस पानं वाचली. दोनदा वाचली. एक्स्प्रेस वाचली, मग लोकल वाचली. कोर्टाची केस चालू आहे, जमिनीचं भांडण आहे, तो होडीवाला दारू पितो. येसू नाही. स्टँड नाही. पुढची चाळली, त्यातसुद्धा नाही." त्यांनी पुस्तक बोटानं माझ्याकडे सरकवलं. "मला अजून वाचता येत नाही, बाई. तुम्ही एवढी मेहनत घेतली, पण पालथ्या घड्यावर पाणी. मी आता येत नाही वर्गाला. माझ्यामुळे तुमचा टाइम बगडतो."

मला राग आला. त्यांचा नाही, कुणाचा ते कळेना. म्हटलं, "शहाणपणा करू नका. पुस्तक इथे ठेवा. पुढच्या शनिवारी येऊन घेऊन जा."

त्याच संध्याकाळी चहा घेऊन मी बाल्कनीत ते पुस्तक वाचायला बसले. लेखकाचं नाव आज कुणाला आठवणार नाही, मलाही नव्हतं माहीत. कोरडी, रडकी कादंबरी. खाडी होती, होडीवाला होता, त्याची मुलगी येसू होती. शेचाळिसाव्या पानावर येसूला ताप आला. त्याच पानाच्या शेवटी ती मेली.

मेली म्हणजे मेली. सत्तेचाळिसाव्या पानापासून बाप दारूला लागतो आणि तिथून पुढे अडीचशे पानं त्याची धूळधाण. येसूचं नावसुद्धा पुढे चार-दोनदाच येतं. शेवउसळ नाही, पतंग नाही, परीक्षा नाही, स्टँड नाही. शेचाळिसाव्या पानाच्या कोपऱ्याला मात्र ओल्या बोटाचा डाग होता, वाळून पिवळा पडलेला.

चहा तसाच राहिला. मी पदर तोंडाला लावून रडले. कमळाबाईला मी पाहिलं नव्हतं, पण आता ती मला चटईवर बसलेली दिसत होती. भर दुपार, झोपाळ्याची करकर, वाचता वाचता ती त्या ओळीवर येते. सात वर्षांची पोर, ताप. वर झोपाळ्यावर तो माणूस ऐकतो आहे. आणि ती थांबते आणि त्या पोरीला मरू देत नाही. त्यानंतर रोज दुपारी दोन वाजता ती पुस्तक मांडीवर उघडून बसायची, पानं उलटायची, आणि त्यात नसलेली येसू मोठी करायची. दात पाडायची, पतंग उडवायची, शेवउसळ खायला न्यायची. सगळं बडोद्याचं. सगळं मितालीचं राहून गेलेलं.

आणि मी दहापैकी तीन दिले होते.

ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी बराच वेळ पेपराची घडी घातली, उलगडली. मी म्हटलं, "काय सांगू त्यांना? तुमची बायको दोन महिने खोटं वाचत होती म्हणून? की तुम्हाला वाचता येत नाही, हेच मानून चाला म्हणून?"

"तू काही सांगू नकोस," हे म्हणाले. "त्याला वाचता येतं. वाचू दे."

शनिवारी मी पुस्तक धनाजीरावांच्या हातात दिलं आणि म्हटलं, "पहिल्या पानापासून वाचा."

"पण सुरुवातीची गोष्ट तर मला माहीत आहे ने!"

"बाईंचा हुकूम आहे. पहिल्या पानापासून, एकही ओळ न गाळता." माझा आवाज नेहमीसारखा खणखणीत यावा म्हणून मी फार प्रयत्न केला. त्यांनी माझ्याकडे एकदा निरखून पाहिलं, पुस्तक पिशवीत घातलं आणि गेले. तो आठवडा मला खायला उठला. दोन वाजले की माझं लक्ष घड्याळाकडे जायचं.

गुरुवारी दुपारी चारच्या सुमाराला आमची बेल वाजली. दारात धनाजीराव. तरसालीहून उन्हातून आले होते. चपलाही काढल्या नाहीत, तिथेच उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

"बाई, शेचाळीस," ते म्हणाले.

मी दार पूर्ण उघडलं.

"मी बरोबर वाचलं ने? तीन वेळा वाचलं. येसू गेली, असंच लिहिलंय ने? की मला कळलं नाही?"

कधी कुणाला इतक्या जड जिभेनं शाबासकी दिली नसेल. "बरोबर वाचलंत, धनाजीराव," मी म्हटलं. "सगळं बरोबर कळलं तुम्हाला. आधीपासून तुमचं बरोबरच होतं. चूक माझी होती."

त्यांनी मान हलवली. मग आत येऊन बसले, पाणी प्यायले. बोलू लागले ते जणू स्वतःशीच. "आठवतं मला. पाऊस होता. ती वाचता वाचता थांबली. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, चष्म्यावर वाफ धरली. चष्मा पुसला. पाणी प्यायली. मी म्हटलं, अगं सांग ने, पोरीचं काय झालं? माझा जीव वर-खाली होत होता, बाई. मिताली गेली तेव्हा मी करजणच्या फेरीवर होतो. मला शेवटचं बघायला पण मिळालं नाही. तर कमळा म्हणाली..." त्यांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "म्हणाली, 'पहाटे ताप उतरला. येसूनं डोळे उघडले आणि म्हणाली, भूक लागली.' आणि मी झोपाळ्यावर हसलो. बाई, मी हसलो! म्हटलं, लेखक चांगला माणूस आहे."

आमचे हे उठून आत गेले. ते असे कधी उठत नाहीत.

"मिताली गेली त्यानंतर आम्ही दोघं तिचं नाव काढत नव्हतो," धनाजीराव म्हणाले. "अठ्ठावीस वर्षं. मला वाटायचं, कमळा विसरली. बायका खंबीर असतात म्हणतात, तशी विसरली. आणि ती बघा. पुस्तक उघडून माझ्यासमोर बसायची आणि पोरीला मोठी करायची. मी रोज विचारायचो, आज येसूनं काय केलं? रोज विचारायचो!"

मग त्यांनी ते विचारलं, जे मला आठवडाभर खात होतं. "मी हे सगळं शिकलो ते शेवट वाचायला. आता शेवट कुठे वाचू? पुस्तकात नाही. तिनं लिहून ठेवला नाही. तो ती घेऊन गेली. पोर तिथे स्टँडवर तशीच उभी राहिली, बाई."

मी त्यांना चहा दिला, दुसरं काय देणार होते?

त्यानंतर तीन शनिवार ते आले नाहीत. पूर्णिमा म्हणाली, फोन करा ने. मी केला नाही. चौथ्या शनिवारी आले. मिशा नीट कापलेल्या, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. लायब्ररीत जाऊन पुस्तक परत देऊन आले होते. "आपलं नव्हतं ते, परत मूकून आलो," म्हणाले, आणि माझ्या कपाळाची शीर जागची हलली नाही. तिकीट मात्र त्यांनी काढून घेतलं होतं. ते वहीत होतं.

"वाचू का?" त्यांनी विचारलं.

उभे राहिले. अक्षर मोठं, रेघा अजूनही या टोकापासून त्या टोकापर्यंत. पण वाचताना कुठे ब्रेक नाही. एका दमात पूर्णविरामापर्यंत.

"येसू स्टँडवर उभी होती. लई वेळ उभी होती. थंडी होती पण तिच्या आईनी शाल दिली होती. मग लांबून लाइट दिसली. बस आली. ती येसूपाशी बरोबर येऊन उभी राहिली, एक फूट पुढे नाही, एक फूट मागे नाही. ड्रायव्हर खाली उतरला. ड्रायव्हर कधी उतरत नाही पण तो उतरला. त्यानी तिची बॅग उचलली आणि उजवीकडच्या खिडकीची जागा दिली. कंडक्टर आला आणि म्हणाला, बेन, तिकीट. येसूनी ड्रायव्हरकडे बघितलं. मग मोठ्यानी म्हणाली, स्टाफ."

त्यांनी वही मिटली. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले.

शेवटी पूर्णिमानंच विचारलं, डोळे पुसत, तिच्या अर्ध्या गुजराती, अर्ध्या मराठीत. "पछी? मग पुढे काय झालं, काका?"

"पुढे काय व्हायचं?" धनाजीराव म्हणाले. "बस सुटली."